नैसर्गिक पॉलिमरच्या हायड्रोजेलचा अंगावरचा सेन्सर : आधी पाण्याचा हिशेब

प्रश्न थोडक्यात असा आहे : जिलेटिन, अल्जिनेट किंवा कायटोसान अशा नैसर्गिक पॉलिमरच्या हायड्रोजेलपासून बोटाच्या सांध्यावर बसणारा, वाकणं मोजणारा सेन्सर करायचा आहे. पहिल्या दिवशी रीडिंग छान येतं. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जेल कडक होतं, विद्युत रोध कित्येक पट वाढतो, आणि शेवटी तारेपाशी फाटतं. पॉलिमर बदलावा का, आणि बदलायचा तर कोणता घ्यावा?

पॉलिमर बदलून हे दुखणं जात नाही. वर सांगितलेली तिन्ही लक्षणं मुळात पाण्याची आहेत. हायड्रोजेल म्हणजे पॉलिमरच्या जाळ्यात धरलेलं पाणी, आणि ते पाणी खोलीतल्या हवेशी सतत देवाणघेवाण करत असतं. हवा कोरडी असली तर जेल पाणी सोडतं, दमट असली तर ओढून घेतं, आणि समतोल साधेपर्यंत थांबत नाही. साच्यातून काढलेलं जेल या समतोलापासून फार लांब असतं. म्हणजे पहिल्या दिवशीचं सुंदर रीडिंग हे एका अशा पदार्थाचं असतं जो आठवड्याने त्या रूपात उरणारच नाही. म्हणून समतोल कुठे होणार ते आधी ठरवा, जेल त्या अवस्थेला आणा, आणि मोजमाप तिथून पुढे सुरू करा.

तरीही पॉलिमरबद्दल थोडं बोलायला हवं, कारण चुकीची निवड पुढे नडते.

अल्जिनेट तपकिरी समुद्री शेवाळातून मिळतं आणि कॅल्शियमच्या आयनांनी थंड पाण्यात जेल होतं. कृती सोपी, पण एकटं अल्जिनेट ठिसूळ असतं. मूळ लांबीच्या जेमतेम १.२ पट ताणलं की तुटतं. २०१२ मध्ये अल्जिनेट आणि पॉलिअॅक्रिलामाइड यांचं दुहेरी जाळं वीस पटींहून जास्त ताणून दाखवलं गेलं आणि त्यानंतर या क्षेत्राला खरी गती आली. पण त्या जेलमधली ताणण्याची ताकद पॉलिअॅक्रिलामाइडच्या लांब साखळ्यांमधून येते, आणि ते कृत्रिम पॉलिमर आहे. त्याचा मोनोमर, म्हणजे ज्या लहान रेणूंपासून तो बनतो ते अॅक्रिलामाइड, मज्जासंस्थेला घातक आहे, आणि तो नीट धुऊन निघाला नाही तर त्वचेवर ठेवायचा प्रश्नच येत नाही. 'नैसर्गिक' म्हणून लिहिलेल्या कितीतरी पाककृतींमध्ये नैसर्गिक भाग दोन टक्के आणि अॅक्रिलामाइड बारा टक्के असतं. कुठलीही कृती उचलण्याआधी वजनं पाहा, नाव पाहू नका.

अल्जिनेटचा दुसरा दोष सेन्सरच्या दृष्टीने जास्त गंभीर आहे. घामात सोडियम असतं. ते हळूहळू कॅल्शियमची जागा घेतं आणि साखळ्यांना जोडणाऱ्या गाठी सैल पडतात. वाहकतेसाठी जेलमध्ये साधं मीठ घातलं तर हेच काम तुम्ही आतूनच सुरू करून देता. कॅल्शियम-अल्जिनेटमध्ये आयन हवेच असतील तर तेही कॅल्शियम क्लोराइडचेच घ्या. मात्र कॅल्शियम क्लोराइडचं तीव्र द्रावण त्वचेला झोंबतं, त्यामुळे असं जेल थेट अंगाला लावायचं नाही. फॉस्फेट किंवा सायट्रेट असलेल्या द्रावणात हे जेल ठेवलं तर ते विरघळतं. टिकाऊपणाची चाचणी फॉस्फेट बफरमध्ये केली की निकाल वाईट येतो तो यामुळे.

अल्जिनेट वापरायचंच असेल तर साचा कॅल्शियम क्लोराइडमध्ये बुडवू नका. बाहेरचा थर लगेच घट्ट होतो, आतला भाग मऊ राहतो, आणि पट्टी वाळलेल्या पानासारखी वळते. त्याऐवजी कॅल्शियम आतूनच सोडा. १०० मिलिलिटर पाण्यात २ ग्रॅम सोडियम अल्जिनेट, त्यात ०.१५ ग्रॅम अगदी बारीक कॅल्शियम कार्बोनेट नीट पसरवून घ्या, आणि शेवटी ०.५३ ग्रॅम ग्लुकोनो-डेल्टा-लॅक्टोन ताजं विरघळवून घाला. लॅक्टोन सावकाश आम्ल सोडतं, कार्बोनेट विरतं आणि सगळीकडे सारखं जेल बसतं. लॅक्टोनचे मोल कार्बोनेटच्या दुप्पट ठेवले की सामू (pH) उदासीनच्या आसपास राहतो. कार्बोनेटचे कण जाड असतील तर ते तळाशी बसतात आणि पट्टी खालून कडक, वरून पातळ होते.

कायटोसान एक टक्का अॅसिटिक आम्लात विरघळतं आणि सामू ६.५ च्या वर गेला की बाहेर पडतं. ते धनभारित आणि अल्जिनेट ऋणभारित, म्हणून दोन्ही द्रावणं सरळ एकत्र ओतली की क्षणात दह्यासारख्या गुठळ्या होतात. हवं तेवढं ढवळा, त्या मोडत नाहीत. शिवाय कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून कायटोसान काढताना आम्ल आणि ४०-५० टक्के कॉस्टिक सोडा लागतो. कच्चा माल टाकाऊ आहे म्हणून शेवटचा पदार्थ आपोआप पर्यावरणपूरक ठरत नाही.

सेल्युलोज मजबूत आहे, पण साध्या पाण्यात विरघळत नाही. ७ भाग सोडियम हायड्रॉक्साइड, १२ भाग युरिया आणि ८१ भाग पाणी उणे १२ अंशांपर्यंत थंड करून त्यात ते विरघळवता येतं. पद्धत उत्तम आहे, मात्र धुण्याचं पाणी आणि वेळ भरपूर लागतो. अगार आणि कॅरागीनन ठिसूळ असतात. सांध्यावर त्यांचा एकट्याने निभाव लागत नाही.

बोटाच्या सेन्सरसाठी माझा कौल जिलेटिनला आहे. ते मुळातच लवचीक आहे, ग्लिसरीनशी छान जमतं, जैविक विघटन लवकर होतं आणि कृतीला घातक रसायन लागत नाही. ऑस्ट्रियातल्या लिंझच्या योहानेस केप्लर विद्यापीठातल्या गटाने २०२० मध्ये जिलेटिन, ग्लिसरीन, साखर, सायट्रिक आम्ल आणि पाणी एवढ्यावर दीर्घकाळ टिकणारं, पूर्ण विघटनशील जेल करून दाखवलं. त्याचा खरा धडा घटकांच्या यादीत नसून त्यातलं पाणी हवेशी समतोलात ठेवण्यात आहे.

आता हिशेब मांडू. ग्लिसरीन-पाण्याचं मिश्रण ५० टक्के सापेक्ष आर्द्रतेच्या हवेत ठेवलं तर वजनाने सुमारे ८० भाग ग्लिसरीन आणि २० भाग पाणी या प्रमाणावर येऊन थांबतं. आर्द्रता ७५ टक्के झाली तर ग्लिसरीनचा वाटा साठाच्या जवळ येतो. म्हणजे ४२ ग्रॅम ग्लिसरीनबरोबर कोरड्या खोलीत साधारण साडेदहा ग्रॅम पाणी राहील, दमट खोलीत सत्तावीस-अठ्ठावीस. ८० टक्के ग्लिसरीनची चिकटाई २० अंशांना सुमारे ६० मिलिपास्कल-सेकंद, ६० टक्क्यांची सुमारे ११. आयन त्या चिकट द्रवातून सरकतात, म्हणून वाहकताही त्याच मापाने बदलते. बोट वाकवून रोध २०-३० टक्क्यांनी बदलणार आणि पावसाळी हवेने तो कित्येक पटींनी बदलणार, अशी ही विषम लढत आहे. हा आकडा समोर असल्याशिवाय सेन्सरची रचना सुरूच करू नये.

लिथियम क्लोराइड घालून पाणी धरून ठेवण्याचा मार्ग लोकप्रिय आहे. त्याचं संपृक्त द्रावण २५ अंशांना ११ टक्के आर्द्रतेपर्यंत पाणी सोडत नाही, त्यामुळे ते चालतं यात शंका नाही. पण लिथियमचं क्षार-द्रावण दिवसभर त्वचेलगत ठेवणं आणि वापरून झाल्यावर मातीत टाकणं, दोन्ही मला मान्य नाही. पर्यावरणपूरक सेन्सर हाच उद्देश असेल तर ते सोडून द्यावं.

कृती अशी. सुमारे १०० ग्रॅम मिश्रणासाठी २५० ब्लूमचं (ब्लूम हे जेलच्या घट्टपणाचं माप) बी प्रकारचं, म्हणजे अल्कलीची प्रक्रिया करून काढलेलं, जिलेटिन १६ ग्रॅम, ग्लिसरीन ४२ ग्रॅम, डिस्टिल्ड पाणी ३८ ग्रॅम, सोडियम क्लोराइड २ ग्रॅम, बुरशी रोखणारं फिनॉक्सीइथॅनॉल ०.८ ग्रॅम, आणि ट्रान्सग्लुटामिनेज या एन्झाइमची पावडर १.६ ग्रॅम. बाजारात मिळणारी ही पावडर बहुतांशी माल्टोडेक्स्ट्रिन असते. तिची क्रियाशीलता ग्रॅमला १०० युनिटच्या आसपास धरून हे वजन दिलं आहे, म्हणजे जिलेटिनच्या दर ग्रॅमला १० युनिट. तुमच्या पाकिटावर वेगळा आकडा असेल तर वजन त्या प्रमाणात बदला.

एन्झाइम का लागतं? साधं जिलेटिनचं जेल ३० ते ३५ अंशांना वितळतं आणि त्वचेचा पृष्ठभाग ३२ ते ३४ अंशांचा असतो. क्रॉसलिंक न करता, म्हणजे साखळ्या एकमेकींना कायमच्या न जोडता, लावलेली पट्टी तासाभरात मऊ पडून पसरते. ग्लुटाराल्डिहाइडने क्रॉसलिंकिंग लवकर होतं, पण ते त्वचेला अॅलर्जी आणणारं रसायन आहे. जेनिपिन चांगलं, मात्र महाग, आणि जेल गडद निळं करतं. बोरॅक्सच्या गाठी उलटसुलट होतात म्हणून जेल स्वतः जुळून येतं हे खरं, पण बोरॅक्स प्रजननक्षमतेला घातक पदार्थांच्या वर्गात मोडतं, आणि त्या गाठी मुळात जिलेटिनशी नीट बसतही नाहीत.

पाण्यातलं ५ ग्रॅम बाजूला काढून ठेवा. उरलेल्या ३३ ग्रॅम थंड पाण्यात मीठ विरघळवा, जिलेटिन वरून भुरभुरा आणि ३० मिनिटं फुगू द्या. सगळं एकदम ओतलं तर वरून फुगलेले आणि आतून कोरडे गोळे होतात. मग ग्लिसरीन घाला आणि वॉटर बाथवर ५५ ते ६० अंशांना तासभर ठेवा. ओतण्याआधी ६५ च्या वर जास्त वेळ ठेवू नका, जिलेटिनच्या साखळ्या तुटायला लागतात आणि जेल कायमचं कच्चं राहतं. ढवळणं सावकाश, चमचा द्रवाच्या आतच फिरला पाहिजे. मग फिनॉक्सीइथॅनॉल मिसळा. वर फेस आला तर झाकण लावा आणि ५० अंशांना अर्धा तास स्वस्थ ठेवा, बुडबुडे वर येतात. वरची साय काढून टाका. मोहरीएवढा बुडबुडासुद्धा दोन मिलिमीटर जाडीच्या पट्टीत चीर सुरू व्हायला पुरेसा असतो.

सामू तपासा. बी प्रकारचं जिलेटिन थोडं आम्लधर्मी असू शकतं आणि एन्झाइमला ६ ते ७ हवा. सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडच्या थेंबांनी तो ६.५ वर आणा. मिश्रण ४५ अंशांवर आलं की एन्झाइम त्या ५ ग्रॅम पाण्यात मिसळून घाला, मिनिटभर हलवा आणि दहा मिनिटांच्या आत साच्यात ओता. साचा झाकून ४० अंशांना तीन-चार तास, मग रात्रभर ४ अंशांना. दुसऱ्या दिवशी झाकलेला साचाच ७५ अंशांना पंधरा मिनिटं ठेवा. यात दोन कामं होतात. एन्झाइम बंद पडतं, नाहीतर जेल पुढचे काही दिवस आतून कडक होत राहतं आणि कॅलिब्रेशन सरकतं. शिवाय परीक्षाही होते : क्रॉसलिंकिंग झालं असेल तर पट्टी मऊ होईल पण आकार सोडणार नाही. वितळली, तर एन्झाइम मेलेलं होतं. उघडं राहिलेलं पाकीट हे त्याचं नेहमीचं कारण, म्हणून ते हवाबंद करून फ्रीजरमध्ये ठेवा. तांब्या-पितळेची भांडीही टाळा, तांबं आणि जस्त या एन्झाइमला मारक असतात.

जिलेटिनमध्ये थोडं अल्जिनेट किंवा कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज घालून ताकद वाढवायची असेल तर बी प्रकारच घ्या. ए प्रकारचा (आम्लाची प्रक्रिया करून काढलेल्या जिलेटिनचा) समविद्युत बिंदू, म्हणजे ज्या सामूला निव्वळ भार शून्य होतो तो, ७ ते ९ असतो, म्हणून सामू ६.५ ला तो धनभारित राहतो, ऋणभारित साखळ्यांशी चिकटतो आणि द्रावण दुधाळ होऊन दोन थरांत फुटतं.

आता सगळ्यात दुर्लक्षित पायरी. साच्यातून काढलेली पट्टी लगेच मोजायची नाही. मॅग्नेशियम नायट्रेटचं संपृक्त द्रावण हवाबंद डब्याच्या तळाशी ठेवा. २५ अंशांना ते डब्यातली आर्द्रता ५३ टक्क्यांवर धरून ठेवतं. पट्टी त्यावर जाळीवर ठेवा आणि रोज त्याच वेळी वजन करा. या कृतीतलं जेल साधारण पाव वजन गमावतं. दिवसाचा फरक अर्ध्या टक्क्याच्या खाली आला की ते समतोलात आलं. दोन मिलिमीटरच्या पट्टीला तीन-चार दिवस लागू शकतात. लांबी, रुंदी, जाडी त्यानंतरच मोजा, कारण पट्टी आकसलेली असते. ज्या हवेत सेन्सर वापरायचा ती दमट असेल तर त्याऐवजी साध्या मिठाचं संपृक्त द्रावण, म्हणजे ७५ टक्के. कोरडी असेल तर मॅग्नेशियम क्लोराइड, म्हणजे ३३ टक्के.

समतोलात आणलेलं जेल झाकलं तरच तिथे राहतं. इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. सिलिकॉन रबर द्रव पाणी अडवतं, पण वाफ त्यातून सहज जाते. सिलिकॉनमध्ये बंद केलेलं जेल सावकाश वाळतंच. लवचीक पदार्थांत ब्युटाइल रबर वाफेला बरंच चांगलं अडवतं. ते नैसर्गिक नाही, आणि हे लपवण्यात अर्थ नाही. ताणता येणारा आणि वाफ अडवणारा नैसर्गिक थर सहजासहजी मिळत नाही. मेण वाफ अडवतं पण वाकलं की तडकतं. माझ्या मते पातळ ब्युटाइलचं पुन्हा वापरता येणारं आवरण आणि आत बदलता येणारं नैसर्गिक जेल, ही तडजोड प्रामाणिक आहे.

वाकणं मोजणारं जेल थेट त्वचेवर ठेवू नये, याचं कारणही पाणीच. पट्टीखालच्या त्वचेजवळ हवा जवळजवळ संपृक्त असते. जेल तिथून पाणी पितं, रोध घसरतो आणि वाटतं बोट सरळ झालं. हृदयाचे विद्युत संकेत घेणाऱ्या इलेक्ट्रोडची गोष्ट उलटी आहे, तिथे जेल त्वचेला भिडलंच पाहिजे, थोडं पाणी प्यायलं तर उलट संपर्क सुधारतो. एकाच जेलकडून दोन्ही कामं करून घेण्याचा हट्ट धरू नका.

तारा जोडणं ही दुसरी अवघड जागा. तांब्याची तार खारट जेलमध्ये खुपसली की दुसऱ्या दिवशी तिच्याभोवती हिरवट डाग दिसतो. तो गंज आहे, आणि तांब्याचे आयन जेलमध्ये उतरत असल्याची खूण. कार्बनचं विणलेलं कापड वापरा. आठ ते दहा मिलिमीटरची पट्टी कोमट जेलच्या द्रावणात बुडवून बोटांनी दाबून पिळा, म्हणजे धाग्यांमधली हवा निघते, आणि मग साच्यात ठेवून वर ओता. न भिजवता ठेवली तर जेल फक्त वरून टेकतं आणि ओढताच सुटतं. पट्टीची टोकं रुंद आणि मधला भाग अरुंद ठेवा, डमरूसारखा, म्हणजे ताण मधल्या भागावर येईल, कापडाच्या कडेवर नाही. कापड जिथे जेलमधून बाहेर पडतं तिथे त्यावर पाच मिलिमीटर मेण वितळवून मुरवा. हे केलं नाही तर खारा द्रव दिव्याच्या वातीसारखा कापडातून चढत जाऊन पलीकडच्या तांब्याच्या क्रिंपपर्यंत (दाबून बसवलेल्या जोडापर्यंत) पोचतो, आणि आठवड्याने रीडिंग बेभान उड्या मारू लागतं. दोष जेलमध्ये शोधला जातो, सापडतो क्रिंपमध्ये.

मोजताना मल्टिमीटरचा ओहमचा भाग वापरू नका. तो एकाच दिशेचा प्रवाह सोडतो. आयन इलेक्ट्रोडपाशी साचतात आणि काटा हळूहळू वर चढत राहतो. याला कितीतरी जण 'जेल वाळतंय' असं समजतात. प्रत्यावर्ती संकेत हवा, साधारण १ किलोहर्ट्झ, आणि जेलवरचा विद्युत दाब अर्ध्या व्होल्टच्या आसपास. पाण्याचं विघटन तत्त्वतः १.२३ व्होल्टला सुरू होतं, त्यापासून लांबच राहा.

मायक्रोकंट्रोलरवर हे सोपं आहे. दोन पिनांच्या मध्ये ठराविक रोध आणि जेल ओळीने जोडा. अर्धा मिलिसेकंद पहिली पिन वर, दुसरी खाली, मग उलट. प्रत्येक अर्ध्या फेरीच्या शेवटी मधल्या बिंदूचं व्होल्टेज घ्या, त्यावरून जेलवर पडलेलं व्होल्टेज काढा, आणि दोन्ही दिशांच्या त्या आकड्यांची सरासरी घ्या. उदाहरण घेऊ. समतोलात आलेली पट्टी ४० मिलिमीटर लांब, १० रुंद, २ जाड, आणि वाहकता समजा ०.०५ सीमेन्स प्रति मीटर आली. रोध ४० किलोओहम होतो. ३.३ व्होल्टवर २०० किलोओहमचा ठराविक रोध लावला तर जेलवर ०.५५ व्होल्ट येतं. ठीक आहे. मधल्या बिंदूला मात्र बफर म्हणून ऑपअँप लावा, नाहीतर इतक्या मोठ्या रोधातून एडीसीचा (व्होल्टेजचा आकडा करणाऱ्या भागाचा) आतला कपॅसिटर वेळेत भरत नाही आणि रीडिंग नेहमी थोडं चुकीचं येतं.

रीडिंगवर विश्वास ठेवावा की नाही याची एक साधी कसोटी आहे. फक्त आयनांनी वीज वाहणारं, आकारमान न बदलणारं जेल ताणलं की रोध लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, कारण लांबी वाढते तितकाच छेद लहान होतो. १० टक्के ताणलं तर २१ टक्के वाढ, ५० टक्क्यांना १२५, दुप्पट केलं तर ३०० टक्के. लहान ताणाला गेज फॅक्टर, म्हणजे रोधातली टक्केवारी वाढ भागिले लांबीतली टक्केवारी वाढ, २ च्या जवळ यायलाच हवा. तुमच्याकडे ८ किंवा १० आला तर आनंद मानू नका. कापड जेलमधून सुटतंय किंवा पट्टीला चीर गेली आहे. २ पेक्षा बराच कमी आला तर जेल क्लॅम्पमध्ये घसरतंय. कार्बन किंवा एमएक्सीनचे (धातूच्या कार्बाइडच्या वीजवाहक, अतिपातळ पापुद्र्यांचे) कण घातलेल्या जेलला हा नियम लागू नाही, पण एमएक्सीन पाण्यात ऑक्सिडाइज होत जातं, आणि ते घातल्यावर 'पूर्ण विघटनशील' हे विशेषण गळून पडतं. बोटाचं वाकणं मोजायला २ चा गेज फॅक्टर पुरेसा आहे.

तापमानाचंही पाहा. मिठाच्या पाण्याची वाहकता दर अंशाला सुमारे २ टक्क्यांनी बदलते, ग्लिसरीन जास्त असेल तर त्याहून बरीच अधिक. २ टक्के धरले तरी पाच अंशांच्या फरकाने १० टक्के, म्हणजे साधारण ५ टक्के ताणाएवढा खोटा संकेत. उपाय एकच आणि खात्रीचा : त्याच ओतलेल्या मिश्रणातली दुसरी पट्टी, त्याच आवरणात, पण हाताच्या पाठीवर जिथे ताण येत नाही तिथे लावा आणि दोन रोधांचं गुणोत्तर वाचा. तापमान आणि आवरणातून झिरपलेली आर्द्रता, दोन्ही दोघींवर सारख्याच येतात आणि भागाकारात बऱ्याच अंशी कटतात. वेगवेगळ्या दिवशी ओतलेल्या पट्ट्या यासाठी चालत नाहीत.

कॅलिब्रेशनआधी पट्टी जास्तीत जास्त अपेक्षित ताणापर्यंत ५० ते १०० वेळा ताणून सोडा. जिलेटिन पहिल्या फेऱ्यांमध्ये थोडं कायमचं लांबतं, नंतर स्थिरावतं. बोटावर बसवताना पाच-दहा टक्के आधीच ताणून बसवा. सैल बसवलेली पट्टी बोट सरळ केल्यावर वर फुगते, आणि शेवटच्या काही अंशांचं वाकणं दिसतच नाही.

काहीजण बुरशीची तक्रार करतात. वरच्या कृतीत फिनॉक्सीइथॅनॉल आहे ते यासाठीच. पोटॅशियम सॉर्बेट इथे उपयोगाचं नाही, सामू ६.५ ला त्याचा जोर जवळजवळ संपतो. माणसांवर वापरायचं असेल तर आयएसओ १०९९३ या वैद्यकीय उपकरणांच्या जैविक सुरक्षिततेच्या मानक-मालिकेतल्या पेशीविषारीपणा, त्वचादाह आणि संवेदीकरण या चाचण्या तयार, समतोलात आलेल्या, इलेक्ट्रोडसह पूर्ण वस्तूवर करून घ्या. घटक सुरक्षित असले म्हणून जोडलेली वस्तू सुरक्षित होत नाही.

वापर संपल्यावर काय, हेही आताच ठरवा. एन्झाइमने क्रॉसलिंक केलेलं जेल पुन्हा वितळवता येत नाही. प्रोटिएज असलेल्या डिटर्जंटच्या कोमट द्रावणात ठेवलं तर मात्र ते विरतं, आणि कार्बनचं कापड धुऊन परत वापरता येतं. वितळवून पुन्हा ओतायचंच असेल तर एन्झाइम आणि ग्लिसरीन वगळून साधं जिलेटिनचं जेल करा आणि ते १५ ते २० टक्के ट्रायसोडियम सायट्रेटच्या द्रावणात दिवसभर बुडवा. सायट्रेट साखळ्यांमधलं पाणी ओढून घेतं, त्या एकमेकींना घट्ट धरतात, आणि जेल आकसून मजबूत होतं. साध्या पाण्यात धुतलं की ते पुन्हा मऊ होतं आणि गरम करून वितळवता येतं. या प्रकारात ग्लिसरीन नसल्यामुळे आवरणावरचा भार वाढतो. कोरड्या हवेत उघडं राहिलं तर एका दिवसात पृष्ठभागावर सायट्रेटचे पांढरे स्फटिक येतात. ते दिसले की आवरणाला कुठेतरी छिद्र आहे. बहुतेक वेळा ते कापड बाहेर पडतं त्या मेणाच्या पट्ट्याशेजारी सापडतं.